कंसात उरलेलं नाव

पिजिन हा गप्पांचा प्रोग्राम. त्याचा मूळ कोड उतरवून घेतला की सोबत ‘चेंजलॉग’ नावाची एक फाइल मिळते. चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर. कोणत्या आवृत्तीत काय नवं आलं, काय दुरुस्त झालं, काय काढून टाकलं, याची ती जंत्री. एकेका कामाला एक ओळ, फार तर दोन. बऱ्याच ओळींच्या शेवटी कंस असतो आणि कंसात ते काम करणाऱ्याचं नाव.

सप्टेंबर २००७मध्ये आलेल्या २.२.० या आवृत्तीखाली तीन नोंदी अशा आहेत, की त्यांच्या कंसात माणसाच्या नावापुढे ‘गूगल समर ऑफ कोड’ हे विद्यार्थ्यांच्या सुट्टीतल्या कामासाठीच्या योजनेचं नावही लिहिलेलं आहे. पहिली नोंद मायस्पेसआयएम या सेवेशी जोडून देणाऱ्या नव्या प्लगइनची. दुसरी एक्सएमपीपी या प्रोटोकॉलमधल्या सुधारणांची. तिसरी सर्टिफिकेटं तपासण्याच्या नव्या व्यवस्थेची. तीन विद्यार्थी, एक सुट्टी, तीन नोंदी.

हीच फाइल पुढे वाचत गेलं की मार्च २०१७मधल्या २.१२.० या आवृत्तीशी पुन्हा थांबावं लागतं. तिथे लिहिलंय की मायस्पेसआयएमचं प्लगइन काढून टाकलं, कारण ती सेवा बंद पडून फार काळ लोटला. त्याच यादीत, काही ओळींच्या अंतरावर, सर्टिफिकेट तपासण्याच्या रीतीत एक सुधारणा केल्याचंही लिहिलंय. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या कामाची अखेर आणि दुसऱ्याच्या कामाची डागडुजी एकाच पानावर नोंदली गेली. या दोन पानांमधलं अंतर साडेनऊ वर्षांचं. ते भरून काढायला जी कागदपत्रं हाताशी आहेत, त्यांवरून ही हकीकत जुळवली आहे. विद्यार्थ्यांची नावं त्या फाइलीत आहेत. इथे ती घेतलेली नाहीत, कारण मला शोधायचं होतं ते त्यांनी केलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे.

आधी साधनांबद्दल. चेंजलॉग हा समकालीन कागद आहे. आवृत्ती बाहेर पडताना ती काढणाऱ्यांनीच तो लिहिला, आणि प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी लिहिला. त्यात बढाई मारायला जागा नाही, आणि खोटं लिहिलं तर कोड शेजारीच आहे, कुणीही ताडून पाहावं. पण त्याची एक मर्यादा आहे: जे काम मुख्य प्रोग्रामात सामावलं गेलं, तेवढंच त्यात येतं. ज्या विद्यार्थ्याचं काम बाजूच्या शाखेवरच राहिलं, त्याची ओळ इथे नाही. केवळ चेंजलॉगवर विसंबलं तर सगळ्या सुट्ट्या सुफळ झाल्याचा भास होतो. त्यासाठी कोडाच्या शाखाही बघाव्या लागतात. सुट्टीतल्या कामासाठी वेगळ्या शाखा काढल्या जात, आणि शाखेच्या नावातच ते साल असे.

आणखी दोन फाइली आहेत. ‘कॉपीराइट’ या फाइलीत हातभार लावणाऱ्या सगळ्यांची नावं वर्णानुक्रमानं आहेत: काम नाही, साल नाही, नुसती नावं. ‘ऑथर्स’ या फाइलीत मात्र पायऱ्या आहेत. सध्याचे विकसक, निवृत्त विकसक, आणि या दोहोंखेरीज एक वर्ग ‘वेडे पॅचलेखक’ या नावाचा. ज्यांच्या दुरुस्त्या सतत येत राहतात पण ज्यांना अजून मुख्य कोडाच्या किल्ल्या मिळालेल्या नाहीत, अशांचा तो वर्ग. हे नाव प्रेमानं ठेवलेलं आहे, हे वाचताना कळतं. प्रकल्पात बाहेरून येणाऱ्याला कोणत्या दारानं आत घेतलं जाई, ते या एका शीर्षकावरून समजतं.

तारखांबाबतही सावध राहावं लागतं. २.०.० या आवृत्तीपुढे तारीख आहे ५/३/२००७. मराठी वाचक ती सहज ५ मार्च अशी वाचेल. पण २.२.०ची तारीख ९/१३/२००७ अशी आहे, आणि तेरावा महिना नसतो. म्हणजे महिना आधी, दिवस नंतर, ही अमेरिकी पद्धत. त्या हिशोबानं २.०.० आली ३ मे रोजी. फरक दोन महिन्यांचाच, पण पुढे येणाऱ्या घटनेच्या दृष्टीनं मोलाचा: प्रकल्पाचं नाव बदलल्याचं एप्रिल २००७मध्ये जाहीर झालं. आवृत्ती मार्चची धरली तर नवं नाव जाहीर होण्याआधीच ते छापलं गेलं, असा उलटा क्रम लागतो.

या प्रोग्रामचा जन्मही एका विद्यार्थ्याच्या हातूनच झाला. १९९८मध्ये मार्क स्पेन्सर अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात शिकत होते. एओएलची ‘एआयएम’ ही गप्पांची सेवा तेव्हा तिथे घरोघरी पोचली होती. लिनक्स वापरणाऱ्यांनाही ती वापरता यावी म्हणून त्यांनी जीटीके या साधनसंचावर एक प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ‘गेइम’. स्पेन्सर लवकरच दुसरीकडे वळले आणि टेलिफोनच्या जगात ‘अ‍ॅस्टरिस्क’मुळे ओळखले जाऊ लागले. गेइमची धुरा आधी रॉब फ्लिन आणि मग शॉन ईगन यांच्याकडे गेली. तोवर तो फक्त एआयएमचा राहिला नव्हता. याहू, एमएसएन, आयसीक्यू, जॅबर, आयआरसी अशा अनेक सेवांवरची माणसं एका यादीत दिसत. ज्यांची मित्रमंडळी चार सेवांवर विखुरलेली होती, त्यांना याचं अप्रूप का वाटे ते वेगळं सांगायला नको.

जून २००५मध्ये गूगलनं ‘समर ऑफ कोड’ ही योजना जाहीर केली. कंपनीतल्या मुक्तस्रोत कामाचे प्रमुख ख्रिस डिबोना यांनी ती पुढे नेली. योजना साधी होती. विद्यार्थ्यानं सुट्टीत एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी कोड लिहायचा, प्रकल्पातल्या जाणत्यानं त्याच्याकडे लक्ष द्यायचं. काम पुरं झालं की विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि प्रकल्पाला ५००. आधी २०० जागा ठरल्या होत्या. अर्ज आले ८,७००हून जास्त. मग जागा वाढवून ४००च्या पुढे नेल्या. पहिल्याच वर्षी निवडलेल्या प्रकल्पांत गेइम होता.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकानं ध्यानात घ्यावी. हा उन्हाळा उत्तर अमेरिका आणि युरोपचा. जूनअखेर ते सप्टेंबरचा आरंभ, म्हणजे आपल्याकडे आषाढ आणि श्रावण. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलासाठी तेव्हा सत्र सुरू झालेलं असतं, जर्नलं पुरी करायची असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो. इथून अर्ज करणाऱ्या मुलांना ‘समर’ हा शब्द नावापुरताच होता. सुट्टीतलं काम त्यांनी कॉलेज सांभाळून केलं.

त्या पहिल्या वर्षी गेइमसाठी झालेली कामं वाचताना मला त्यांतली विविधता सर्वांत मोलाची वाटते. एकानं सिंपल या प्रोटोकॉलची सोय केली. एकानं बॉनजूरची, म्हणजे मध्ये कोणताही सर्व्हर नसताना एकाच खोलीतल्या, एकाच जाळ्यावरच्या संगणकांनी एकमेकांना ओळखून बोलण्याची. एकानं पोलंडमध्ये चालणाऱ्या गाडू-गाडू या सेवेचं प्लगइन नव्यानं उभारलं. एकानं याहूच्या ‘डूडल’साठी चित्रफळा केला: दोघांनी आपापल्या पडद्यावर रेघा ओढायच्या आणि त्या दोन्हीकडे उमटायच्या. आणखी एकाचं काम तर आजही वाचून मन प्रसन्न होतं. दोन माणसांनी एकाच वेळी एकच संगीतलिपी लिहावी, एकानं सूर मांडला की दुसऱ्याला तो लगेच दिसावा, अशी सोय त्यानं केली होती.

ही यादी एका प्रश्नाचं उत्तरही देते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलनं स्वतःची गूगल टॉक ही सेवा आणली, आणि गेइमचे प्रमुख शॉन ईगन पुढे गूगलमध्ये त्याच सेवेवर काम करू लागले. मग विद्यार्थ्यांचे पैसे हा कंपनीच्या मतलबाचा भाग होता का? निवडलेली कामं तसं म्हणू देत नाहीत. याहूचा चित्रफळा आणि पोलंडमधली सेवा यांचा गूगल टॉकला काही उपयोग नव्हता. कामं निवडली ती प्रकल्पातल्या माणसांनी, आणि त्यांना जे हवंसं वाटलं ते निवडलं, असाच निष्कर्ष या यादीतून निघतो.

आता कागदांतली सर्वांत मोठी फट. ऑगस्ट २००५मध्ये गेइमची १.५.० ही पक्की आवृत्ती आली. विद्यार्थ्यांचं काम तिच्यात नव्हतं. ते २.०.०साठीच्या कोडात जात होतं. डिसेंबर २००५मध्ये २.०.०ची पहिली बीटा आली, आणि सुट्टीतलं काम प्रथमच लोकांच्या हाती पडलं. इथवर सगळं रीतसर. पण पुढे चेंजलॉगमध्ये बीटामागून बीटा येत राहतात. दुसरी, तिसरी, चौथी. जानेवारी २००७ उजाडतो तेव्हा सहावी. पक्की आवृत्ती येतच नाही. केवळ ही फाइल समोर असलेला वाचक म्हणेल की काम रेंगाळलं, किंवा सुट्टीत आलेला कोड कच्चा निघाला आणि तो निस्तरण्यात वर्ष गेलं. मीही आधी तसंच समजलो होतो.

ती समजूत दुरुस्त होते ती एप्रिल २००७मधल्या जाहीर निवेदनानं. खरं कारण नावाचं होतं. ‘एआयएम’ ही अक्षरं एओएलनं आपलं बोधनाम म्हणून नोंदवली होती, आणि ‘गेइम’ या नावात ती तिन्ही अक्षरं होती. तक्रार जुनीच. प्रोग्रामचं मूळ लांबलचक नाव आखडून ‘गेइम’ केलं गेलं, तेही एओएलच्या हरकतीमुळेच. पुढे कंपनीच्या वकिलांशी पुन्हा बोलणी सुरू झाली आणि ती लांबत गेली. ती चालू असेपर्यंत पक्की आवृत्ती काढायची नाही आणि कारणही सांगायचं नाही, अशी विकसकांची कोंडी झाली होती. प्रकल्पाच्या वतीनं उभं राहायला ‘इन्स्टंट मेसेजिंग फ्रीडम कॉर्पोरेशन’ ही संस्था उभारली गेली. अखेर तडजोड झाली आणि नाव बदललं. प्रोग्राम ‘पिजिन’ झाला. ज्यांना समान भाषा नाही अशी माणसं एकमेकांशी बोलताना जी मोडकीतोडकी, मिसळीची बोली तयार करतात, तिला भाषाशास्त्रात हेच नाव आहे. साध्या टर्मिनलवर चालणारं त्याचं भावंड ‘फिंच’ झालं. आणि दोघांच्या पोटात चालणारी ग्रंथालिका ‘लिबपर्पल’ झाली. पर्पल हा रंग तिथे कसा आला? प्रोटोकॉल प्लगइन या दोन शब्दांचा संक्षेप कोडात आधीपासून ‘पीआरपीएल’ असा होता. तो उच्चारला की ‘पर्पल’ होतो.

ही माहिती हातात आली की त्या साऱ्या बीटा वेगळ्या दिसू लागतात. २००५च्या सुट्टीत ज्यांनी काम केलं, त्यांचं काम पक्क्या आवृत्तीत यायला मे २००७ उजाडला. वीस महिन्यांचा हा विलंब त्यांच्या कोडातल्या कोणत्याही दोषामुळे झालेला नाही. त्या काळात शेवटच्या वर्षात असलेला विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडला असेल. शिवाय नाव बदललं ते फक्त वरच्या पाटीवर बदललं नाही. कोडातल्या शेकडो फंक्शनांची नावं ‘गेइम’नं सुरू होत होती, ती सगळी ‘पर्पल’नं सुरू होऊ लागली. त्या मुलांनी लिहिलेल्या ओळी आज बघितल्या, तर त्यांतले बरेच शब्द त्यांनी टंकलेले नाहीत.

२००७चा उन्हाळा याच्या अगदी उलट गेला. वाद मिटला होता, वाट मोकळी होती. ऑगस्टअखेर काम संपलं आणि १३ सप्टेंबरला ते २.२.०मधून बाहेर पडलंसुद्धा. आरंभी सांगितलेल्या तीन नोंदी त्या याच.

त्यांतल्या दुसऱ्या नोंदीच्या कंसात एक जादा शब्द आहे. समर ऑफ कोड, ‘अ‍ॅडियमसाठी’. अ‍ॅडियम हा मॅकवरचा वेगळा प्रोग्राम, त्याची माणसं वेगळी, गूगलच्या योजनेत तो वेगळा प्रकल्प. पण त्याच्या पोटातही लिबपर्पलच चालते. त्या विद्यार्थ्यानं एक्सएमपीपीच्या सुधारणा अ‍ॅडियमच्या वतीनं केल्या आणि त्या सामायिक ग्रंथालिकेत गेल्या, त्यामुळे विंडोज आणि लिनक्सवर पिजिन वापरणाऱ्यांनाही त्या आपसूक मिळाल्या. एका घरानं विहीर खणली आणि पाणी दोन वाड्यांना पुरलं, असा हा प्रकार. कंसातला तो एक शब्द वाचला नसता, तर हे नातं सुटून गेलं असतं.

पहिली नोंद मायस्पेसची. २००७मध्ये मायस्पेस हे अमेरिकेतलं मोठं समाजमाध्यम होतं. त्याच्या गप्पांच्या सेवेची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, कंपनीनं जाहीर केलेला नव्हता. तारेवरून काय जातं-येतं ते पाहत पाहत ती उकलावी लागली. ती कशी होती हे प्लगइनच्या कोडातून दिसतं. प्रत्येक निरोप म्हणजे शब्दांची एक लांब साखळी, दोन शब्दांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ. आधी गोष्टीचं नाव, मग तिचं मूल्य, पुन्हा नाव, पुन्हा मूल्य. आणि साखळी संपली हे सांगायला अखेरीस ‘फायनल’ हा शब्द. जोडणी झाली की आधी सर्व्हर बोलतो. तो एक यदृच्छ संख्या पाठवतो, आणि वापरणाऱ्याच्या पासवर्डाशी तिची गुंफण करून उत्तर द्यावं लागतं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. माणसानं आपल्या गप्पांमध्येच उलटी तिरकी रेघ लिहिली तर? सर्व्हरला वाटेल की शब्द संपला. म्हणून नियम असा, की मजकुरात उलटी रेघ आली तर तिच्या जागी सरळ तिरकी रेघ आणि २ हा आकडा पाठवायचा. पण मग सरळ रेघेचं काय? तिच्या जागी सरळ रेघ आणि १. वाचणाऱ्यानं उलट क्रमानं सगळं पूर्ववत करायचं. प्लगइनमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन आहे, एक अक्षर घ्यावं, पाहावं, बदलावं, पुढे जावं, इतकंच. असा नियम कुणी सांगितलेला नसताना ओळखायचा म्हणजे किती चाचण्या, किती फसलेले निरोप! त्या फंक्शनाच्या दहाबारा ओळींमागे किती संध्याकाळी गेल्या असतील, ते कोड लिहिणाऱ्याला उमगेल.

तिसरी नोंद सर्टिफिकेटांची, आणि दिसायला ती सर्वांत रुक्ष. तोवर पिजिन सर्व्हरशी बोलताना संभाषण गूढलिपीत बांधत असे, पण समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे का, हे विचारत नसे. लिफाफा घट्ट चिकटवायचा पण तो कुणाच्या हातात देतोय ते पाहायचं नाही, अशी ती स्थिती. मधल्या मध्ये कुणी तोतया सर्व्हर उभा केला, तर पासवर्ड त्याच्या हाती जाई. विद्यार्थ्यानं जी व्यवस्था केली तिचे भाग कोडात स्पष्ट दिसतात. एक साठा विश्वासू संस्थांच्या सर्टिफिकेटांचा. दुसरा साठा ज्या सर्व्हरांशी याआधी बोलणं झालंय त्यांच्या सर्टिफिकेटांचा. ओळखीचा सर्व्हर भेटला की त्याच्या सर्टिफिकेटाचा ठसा जपून ठेवलेल्याशी जुळवून बघायचा. जुळला तर पुढे जायचं. नाही जुळला, तर सहीमागची सही तपासत विश्वासू संस्थेपर्यंत पोचता येतं का ते बघायचं. तेही जमलं नाही, तर माणसाला विचारायचं. एक छोटी खिडकी उघडते: या सर्व्हरचं सर्टिफिकेट स्वीकारायचं का? तीन बटणं, स्वीकारा, नाकारा, आणि सर्टिफिकेट पाहा.

या खिडकीचं कौतुक कुणी केलं नसेल. नवी सेवा जोडली गेली की वापरणारे आनंदतात. ही खिडकी आली की वैतागतात. पण सुरक्षेच्या दृष्टीनं त्या वर्षीच्या तीन कामांत हेच सर्वांत मोठं होतं, असं माझं मत आहे.

२००८च्या उन्हाळ्यातली कामं चेंजलॉगमध्ये उमटायला वेळ लागला. आवाज आणि चित्राचं संभाषण हे त्यांतलं मोठं काम. ते एक्सएमपीपीसाठी ऑगस्ट २००९मधल्या २.६.० या आवृत्तीत आलं. त्याच आवृत्तीत रूपसज्जा बदलण्याची सोय एका विद्यार्थ्याच्या सुट्टीतल्या कामामुळे आली, असं नोंदीत लिहिलंय. दोन्ही कामांना वर्ष लागलं.

त्याच उन्हाळ्यातलं एक काम मात्र २.x मालिकेत कधीच आलं नाही, आणि ते फक्त शाखेवरून कळतं. ते मास्टर पासवर्डचं. पिजिन आपल्या खात्यांचे पासवर्ड ‘अकाउंट्स’ नावाच्या फाइलीत उघडे ठेवतो, कोणत्याही मजकूर-संपादकात वाचता येतील असे. यावरून प्रकल्पावर वर्षानुवर्षं टीका झाली. विकसकांची बाजूही त्यांनी लिहून ठेवली आहे: कुलूप लावून किल्ली दाराशेजारीच टांगली तर ती नुसती फसवी समजूत. पासवर्ड साठवायचा नसेल तर ‘लक्षात ठेवा’वर खूण करू नका. मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. ज्या माणसाच्या संगणकावर घरातली चार माणसं बसतात, त्याला पूर्ण सुरक्षा मिळाली नाही तरी किल्ली आणि कुलूप वेगळं असण्याचा उपयोग होतोच. एका विद्यार्थ्यानं अख्खी सुट्टी त्या प्रश्नाला दिली. पुढच्या प्रत्येक २.x आवृत्तीत ती फाइल उघडीच राहिली. शाखांची नावं वाचली नसती तर या प्रश्नाला कुणी हात घातला होता, हेही कळलं नसतं.

कोडात भाषांतरांचा एक वेगळा विभाग आहे. प्रत्येक भाषेची एक फाइल, नाव बहुधा दोन-तीन अक्षरांचं. त्यांत ‘एमआर’ हीही आहे, मराठीची. तिची रचना अशी, की प्रोग्राममध्ये कुठेही दिसणारं प्रत्येक इंग्रजी वाक्य एका ओळीत, आणि खालच्या ओळीत त्याचं मराठी. विद्यार्थ्यानं कोडात एखादी नवी खिडकी आणली की तिची वाक्यं या रांगेत येऊन उभी राहतात, आणि ती कुणीतरी मराठीत आणायची असतात. ‘सर्टिफिकेट’ला काय म्हणावं, ‘फिंगरप्रिंट’ला ठसा म्हणावं का, असे प्रश्न तिथे सुटतात. या कामाला मानधनाची सुट्टी नव्हती.

आता पुन्हा २.१२.०कडे. तारीख ३/९/२०१७, आणि आपण ठरवलेल्या रीतीनं ९ मार्च. या आवृत्तीत सेवांमागून सेवा गळालेल्या दिसतात. एमएसएन काढलं, ते वापरण्याजोगं राहिलं नव्हतं. एमएक्सइट काढलं, ती सेवा सप्टेंबर २०१६च्या अखेरीस बंद झाली. फेसबुकच्या गप्पांना एक्सएमपीपीनं जोडण्याचा पर्याय काढला, फेसबुकनं ती वाट एप्रिल २०१५मध्ये बुजवली होती. मायस्पेसआयएम काढलं. आणि याहू काढलं, कारण याहूनं प्रोटोकॉल नव्यानं लिहिल्यामुळे ५ ऑगस्ट २०१६पासून जुनं प्लगइन निकामी झालं होतं. याहू गेलं तसा त्याच्यासोबत २००५चा चित्रफळाही गेला. २०१७मध्येच १५ डिसेंबरला एओएलनं एआयएमसुद्धा बंद केलं. ज्या तीन अक्षरांपायी वीस महिने अडले, ती सेवाच उरली नाही. २००५मधल्या सिंपल, बॉनजूर आणि गाडू-गाडू यांची प्लगइनं मात्र कोडात राहिली.

मायस्पेसचं सगळंच गेलं असंही नाही. पलीकडच्याचं लक्ष वेधून घ्यायला याहूवर ‘बझ’ होतं, एमएसएनवर ‘नज’, मायस्पेसवर ‘झॅप’. लिबपर्पलमध्ये या तिन्हींसाठी एकच सामायिक सोय आहे, आणि तिच्या टिपणात झॅप हा शब्द आजही लिहिलेला आहे. तो पाठवणारी सेवा जगात नाही.

सर्टिफिकेटांची नोंद अशी: पडताळणी आता एसएचए-२५६ ठशांनी होते. आधीचा ठसा एसएचए-१ पद्धतीचा होता. दोन वेगळ्या फाइलींचा एसएचए-१ ठसा एकच निघू शकतो, हे अ‍ॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं आणि गूगलच्या संशोधकांनी २३ फेब्रुवारी २०१७ला करून दाखवलं होतं. पिजिनची आवृत्ती त्यानंतर दोन आठवड्यांनी आली. दोन तारखा जवळ आहेत म्हणून एक गोष्ट दुसरीमुळे घडली, असं लिहायची मला मुभा नाही. एवढं नक्की, की २००७मध्ये ज्या जागी ठसा जुळवून बघण्याची ओळ लिहिली गेली, ती जागा २०१७मध्येही चालू होती, आणि कुणीतरी तिथे जाऊन जुना ठसा काढून नवा बसवला.

पिजिन असलेल्या लिनक्स संगणकावर घरच्या फोल्डरात ‘पर्पल’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. त्यात ‘सर्टिफिकेट्स’, त्यात आणखी एक, आणि सर्वांत आत ‘टीएलएस पीअर्स’. ज्या ज्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ग्राह्य ठरलं, त्याची एकेक छोटी फाइल तिथे असते. प्रत्येक फाइलीचं नाव त्या सर्व्हरचं.